अक्काचा तिसरा शब्द

माझ्या आत्याला तिसापैकी अकरा मार्क मिळाले, आणि ते मी दिले. आमच्या घराण्यात कमी मार्क पडण्याची थोर परंपरा आहे, मी स्वतः ती निष्ठेने चालवली. पण नापास झालं म्हणून कुणाला राहतं घर सोडावं लागण्याची वेळ आमच्याकडे पहिल्यांदाच आली.

नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. मी धुळ्याला मानसशास्त्रात एम.ए. करत होते. आमचा विभाग म्हणजे जिन्याखालची एक खोली. ती इतकी अरुंद होती की दोघांना एकदम विचार करता येत नसे. एकाचा विचार संपेपर्यंत दुसऱ्याने बाहेर उभं राहायचं. खोलीत एक स्टॉपवॉच होतं, ते जेवणाच्या सुट्टीत आपोआप थांबायचं. प्लास्टरचा एक मेंदू होता. त्याचा मागचा लहान मेंदू कधीतरी हरवला होता आणि तिथे शिपाईमामांनी टेनिसचा चेंडू बसवला होता. तीन बॅचेसनी त्या चेंडूसकट आकृती काढून डिग्र्या घेतल्या.

आमच्या सरांकडे परदेशातून एक प्रश्नावली आली होती. म्हाताऱ्या माणसांची स्मरणशक्ती तपासायची, तीस प्रश्न, तीस मार्क. सरांनी तिचं मराठी भाषांतर स्वतः केलं होतं, आणि ते इतकं शुद्ध होतं की वाचण्याआधी हातपाय धुवावेसे वाटत. माझ्या प्रबंधासाठी मला चाळीस म्हातारी माणसं तपासायची होती. मी म्हटलं, सुरुवात घरापासून करू.

घर म्हणजे माझी आत्या. सगळं गाव तिला अक्का म्हणायचं, म्हणून आम्हीही अक्काच म्हणायचो. एरंडोलपासून आत, कच्च्या रस्त्याला, दोन खोल्या, पुढे ओटा, मागे अंगण आणि अंगणात चूल. आतोबा जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. ती एकटी राहायची, आणि पंचक्रोशीत तिचं नाव होतं ते खापरावरच्या पुरणपोळ्यांसाठी. चुलीवर मातीचं खापर पालथं घालायचं आणि पोळी लाटायची नाही, दोन हातांवर खेळवत कोपरापर्यंत वाढवायची. अक्काची पोळी इतकी पातळ व्हायची की तिच्यातून बघितलं तर पद्मालयाचं देऊळ दिसायचं, आणि आभाळ स्वच्छ असेल तर आत कोण दर्शनाला आलंय तेही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या गावातल्या सगळ्या लेकी तिच्या अंगणात जमायच्या. लिंबाला झोका बांधलेला असायचा. पोरी झोक्यावर, पोळ्या खापरावर, आणि आमरसाचं पातेलं मधोमध.

तिचा एकुलता एक मुलगा, माझा आतेभाऊ, सुरतेच्या कापड गिरणीत कारकून होता. मी त्याला भाऊ म्हणायची. तो काही दुष्ट माणूस नव्हता, आधीच सांगते. गोष्टीत मुलगा आईला घर सोडायला सांगतो म्हटलं की ऐकणारे लगेच त्याला मिशा लावतात. भाऊला मिशा नव्हत्या, काळजी होती. दोन महिन्यांपूर्वी अक्का पेटती चूल तशीच ठेवून पद्मालयाला निघून गेली होती. चुलीशेजारी कपाशीच्या काड्यांचा भारा. शेजारच्या काकूंनी धूर पाहिला म्हणून घर वाचलं. शिवाय ती भाऊला दोनदा त्याच्या वडिलांच्या नावाने हाक मारून बसली होती. भाऊ रजा काढून आला, आणि मला म्हणाला, "तू एवढं डोक्याचं शिकतेस ना, मग तपास तिला. तुझ्या बोलण्यावर माझा विश्वास नाही, तुला माहितीय. पण कागदावर जे येईल ते मी ऐकेन. कमी आले तर आखाजीच्या आत सुरत."

म्हणून मी ओट्यावर बसले, मांडीवर कागद, हातात पेन्सिल. समोर अक्का तांदूळ निवडत. शेजारच्या काकू परीक्षेला पर्यवेक्षक असल्यासारख्या दाराला टेकून उभ्या.

"अक्का, आजची तारीख काय?"

"चैत वद्य चौथ," अक्का म्हणाली. "संकष्टी शे. तू उपाशी शे का काही खाई उनी?"

मी पारोळ्याच्या स्टँडवर भजी खाल्ली होती. मी विषय बदलला आणि रकान्यात शून्य लिहिलं. कारण सरांच्या कागदावर तारीख म्हणजे इंग्रजी तारीख होती.

"साल कोणतं चालू आहे?"

तिने सुपातला खडा उचलून टाकला. "तू बारावीले नापास व्हयनी त्याले सहा वरीस व्हयनात."

काकू खुदकन हसल्या. हे उत्तर मी नोंदवलं नाही, शास्त्रीय कारणांसाठी.

"आपला जिल्हा कोणता?"

"पूर्व खान्देश."

तिच्या लग्नाच्या वेळी जिल्ह्याचं तेच नाव होतं. शून्य.

"आपण सध्या कितव्या मजल्यावर आहोत?"

अक्काने वर पाहिलं, वर पत्रे. खाली पाहिलं, खाली सारवलेली भुई. मग माझ्याकडे पाहिलं आणि फार मायेने विचारलं, "पोरी, तुले बरं वाटस ना?"

मग तीन शब्द सांगून लक्षात ठेवायला लावायचे आणि पाच मिनिटांनी विचारायचे. सरांचे शब्द होते सफरचंद, मेज आणि नाणे. पाच मिनिटांनी विचारलं तर अक्का म्हणाली, "सफरचंद ते आजारी मानूसले देतस. कोन आजारी शे?" आणि ती काळजीत पडली ती पडलीच. मेज तिने जन्मात पाहिलं नव्हतं, तर ते आठवणार कुठून.

शंभरातून सात वजा करत जायचे होते. "कसाले?" तिने विचारलं. या प्रश्नाला सरांच्या कागदावर उत्तर नव्हतं.

शेवटी मी कोरा कागद पुढे केला आणि छापील वाक्य वाचलं, "हा कागद उजव्या हातात घ्या, मधोमध दुमडा आणि जमिनीवर ठेवा." अक्काने कागद उजव्या हातात घेतला. अगदी कडेला कड जुळवून दुमडला. मग कपाळाला लावला, उठली, आणि देवाच्या कोनाड्यात नेऊन ठेवला.

"जमिनीवर ठेवायचा होता, अक्का."

"कागद भुईवर ठेवतस का? पाय लागी त्याले."

एक मार्क गेला. एक पूर्ण वाक्य लिहायला सांगितलं, तर ती शाळेतच गेली नव्हती. गेला. आकृती काढायला पेन्सिल दिली तर तिने ती उलथण्यासारखी धरली. गेला. बेरीज केली, अकरा.

आता मला खोटं बोलायची संधी होती. एरवी मी पाव किलो वांग्यांची गोष्ट सांगताना बैलगाडी आणते. अकराचे एकवीस करणं म्हणजे पेन्सिलीचा एक फटकारा. पण भाऊ मागेच उभा होता, आणि त्याने माझ्या खांद्यावरून आकडा वाचला.

"तिसापैकी अकरा," तो हळूच म्हणाला. काकूंनी तोंडाला पदर लावला. "अक्का, नापास व्हयनी ना व तू," त्या म्हणाल्या, थट्टेनेच. पण अक्काच्या हातातलं सूप थांबलं.

दुपारी भाऊने एक पोतं आणलं. पितळेची ताटं, तांब्या-वाट्या, लग्नातलं घंगाळ त्यात भरलं, आणि दाभण-सुतळीने पोत्याचं तोंड शिवून टाकलं. अक्का बघत बसली. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली एवढंच, "जपीसन शिव. हातले दाभन लागी."

मी धुळ्याला परत आले ती सरांसमोर कागद आपटायलाच. सर शांतपणे आकडे बघत होते. मी म्हटलं, "सर, मी तुम्हाला पाच प्रश्न विचारू?"

"विचार."

"आज तिथी कोणती?"

सरांनी कॅलेंडरकडे मान वळवली. मी आडवी उभी राहिले. खोली अरुंद असल्याचा तेवढा एक फायदा.

"बघायचं नाही. शून्य. बरं, खापर पोळी टाकण्याजोगं तापलं हे कशावरून ओळखायचं? शून्य. आखाजीला किती दिवस राहिले? गाईला आधी घास की घागरीची आधी पूजा? हातावरची पोळी फाटायला लागली तर कोणता हात वर घ्यायचा?"

सर पाचांतून शून्यावर बाद झाले. मला वाटलं आता मला विभागातून काढतील, म्हणजे जिन्याखालून जिन्यावर. पण त्यांनी तो चेंडूवाला मेंदू स्वतःकडे फिरवला. मग म्हणाले, "म्हणजे आपण तिची स्मृती मोजलीच नाही. आपण मोजलं ती आपल्यासारखी आहे का ते."

मग त्यांनी मला आरशात बघून चांदणी गिरवायचा तो जुना प्रयोग आठवायला लावला. हात पुढे न्यावा तर आरशात मागे येतो, पहिल्या दिवशी चांदणीची चकली होते, पण रोज केलं की हात शिकतो. परदेशात एक रुग्ण होता, ते म्हणाले, त्याला काल काय झालं ते अजिबात आठवत नसे. दर दिवशी त्याला वाटायचं की हा प्रयोग आपण पहिल्यांदाच करतोय. पण हात मात्र दर दिवशी सुधारत गेला. हाताची आठवण आणि नावा-तारखांची आठवण या डोक्यातल्या वेगळ्या खोल्या आहेत. एकीतला दिवा गेला म्हणून दुसरीत अंधार असेलच असं नाही.

"जा, पुन्हा तपास," सर म्हणाले. "तिच्या मापाने विचार. लिहिता येत नसेल तर वाक्य तोंडी घे. पण एक सांगून ठेवतो, कारण तुला मी ओळखतो. प्रश्न बदलायचे ते खरं उत्तर मिळावं म्हणून. हवं ते उत्तर मिळावं म्हणून नव्हे."

हे मला लागलं. खरं सांगायचं तर धुळ्याला येताना एस.टी.त बसल्या बसल्या मी हवी ती उत्तरंच जुळवत होते.

मी पोहोचले तेव्हा अंगणात चूल पेटलेली, अक्का खापरापुढे, भाऊ पोत्यावर बसलेला. सुरतेचं तिकीट त्याने अजून काढलं नव्हतं. मी म्हटलं, "भाऊ, पहिली परीक्षा चुकीची होती. पेपर फुटला नव्हता, पेपरच चुकीचा छापला होता. पुन्हा घेते, तुझ्यासमोर."

"तू आता तिला तिसापैकी चाळीस देशील," भाऊ म्हणाला.

"म्हणून तर मार्क तू लिही." मी पेन्सिल त्याच्या हातात दिली.

तिथी विचारली. "चैत वद्य नवमी," अक्का म्हणाली. भाऊने काकूंकडून पंचांग आणवून बघितलं. बरोबर. जिल्ह्याचं मी जुनं नाव चालेल म्हटलं. मजल्याच्या जागी मी विचारलं, या घरातून देऊळ कोणत्या बाजूला. पोळी हातावर होती म्हणून तिने हनुवटीने दिशा दाखवली. बरोबर.

मग तीन शब्द दिले. खापर, आंबा, झोका. तिने तीनही मागे म्हटले आणि पुढच्या कामाला लागली.

"अक्का, शंभर पोळ्या केल्या. सात एका घरी वाढल्या. किती राहिल्या?"

"त्र्याण्णव."

"पुन्हा सात."

"शहाऐंशी. एकोणऐंशी. बहात्तर. पासष्ट." ती थांबली. "इतल्या वाढत कोठे जाई राह्यनी तू? घरनासले काही ठेवशी का नही?"

भाऊ हसला. पहिल्यांदाच. सगळ्या वेळात तिचे हात चालूच होते, पोळी मनगटावरून कोपराकडे सरकत होती, आणि ती हातांकडे बघतही नव्हती. मी स्टॉपवॉच आणलं होतं, पण ते बघायचंच विसरले.

"आता एक पूर्ण वाक्य म्हण, अक्का. कोणतंही. लिहायचं नाही, नुसतं म्हणायचं."

तिने पोळी खापरावर टाकली. कडा सारख्या केल्या. पोळीकडेच बघत म्हणाली, "माले सुरत जानं नही."

भाऊची पेन्सिल कागदावर टेकलेली होती. वाक्य पूर्ण होतं. त्यात कर्ता होता, क्रियापद होतं, बाकीही सगळं होतं. त्याने एक मार्क लिहिला, आणि तो लिहायला त्याला फार वेळ लागला.

पाच मिनिटं झाली होती. "अक्का, मघाशी तीन शब्द दिले होते."

"खापर," ती म्हणाली. "आंबा." तिसरा आला नाही.

लिंबाला झोका बांधलेलाच होता. वाऱ्याने दोरी हलत होती, आमच्यापासून दहा पावलांवर. मी फक्त मान जरा तिकडे वळवली, आणि खोकले. अगदी नैसर्गिक खोकला.

"इशारा करू नको," अक्का म्हणाली. "याद येत नही ते येत नही."

ती रागावली नव्हती. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं, हात पुसले, आणि पदराचं टोक माझ्यासमोर धरलं. त्याला गाठी होत्या, एकाशेजारी एक, पाच-सहा. "माले माहीत शे मी भूलस," ती म्हणाली. "म्हनीसन गाठ मारस. हाई गाठ चूल इझाडानी. हाई दूधवालानी." तिने तिसरी गाठ बोटांत फिरवली. "हाई कसानी शे, तेच माले आते माहीत नही."

चाळीस म्हातारी माणसं मला तपासायची होती. त्यातली पहिली माझ्याआधी, माझ्यापेक्षा नीट, स्वतःला तपासून बसली होती.

भाऊने बेरीज केली. तेवीस. त्याने माझ्याकडे बघितलं. "म्हणजे काय समजायचं? विसरते की नाही?"

दोन्ही उत्तरं माझ्या जिभेवर होती, आणि मला दोन्ही फुलवून सांगता आली असती. मी म्हटलं, "विसरते, भाऊ. थोडं विसरते, आणि पुढे वाढेल. पण पहिल्या कागदावर होतं तेवढं नाही. आणि ज्याची तुला भीती आहे ती फक्त चूल आहे. देऊळ, पोळी, तिथी, शेजारी, हे सगळं तिला धरून आहे. सुरतेला यातलं काहीच नसेल. तिथे तिला खरंच विचारावं लागेल, आपण कितव्या मजल्यावर आहोत."

भाऊ चौथ्या मजल्यावर राहायचा.

काकू इतका वेळ दारात होत्या. त्या म्हणाल्या, "चूल मना अंगनमा मांडी टाका. मी पेटाडसू, मीच इझाडसू. अक्का फक्त पोया करी."

"आन तू मन्या पोया फाडशी," अक्का म्हणाली.

"हात तरी लाई पाहू दे एकदा. वीस वरीस व्हयनात, खापरले हात लावू देत नही तू."

भाऊ म्हणाला, आखाजीपर्यंत बघू. पोतं तसंच राहिलं.

आखाजीला मी धुळ्याहून पहिल्या गाडीने आले. प्रबंधाचं काम आहे असं सरांना सांगितलं होतं, आणि ते आमरसापुरतं खरंही होतं. चूल काकूंच्या अंगणात. मधली कुडाची भिंत दोघींनी मिळून पाडली होती, म्हणजे पाडायला सांगितलं अक्काने आणि पाडली भाऊने. गावच्या लेकी आलेल्या, दोघीतिघी कडेवर पोरं घेऊन. झोक्यावर दोन पोरी उभ्या राहून झोका इतका उंच चढवत होत्या की खाली येईपर्यंत त्यांना भूक लागायची.

अक्का पोळी वाढवत होती. झोका तिच्या डोक्यावरून गेला, परत आला, परत गेला. तिचे हात थांबले. पोळी अर्ध्या कोपरावर लोंबत राहिली.

"झोका," ती म्हणाली.

"काय व्हयनं, अक्का?" काकू म्हणाल्या. "पोई पडी."

"तिसरा झोका व्हता." ती मला शोधत होती. "ती पोरगी कोठे शे? तिले सांगा. खापर, आंबा, झोका."

मी रसाच्या पातेल्याजवळ होते. तिथूनच म्हटलं, "बरोबर, अक्का." माझ्या ओळखीच्या कुणाला हे सांगितलं तर ते म्हणतात, हे तू रचलंस. पाऊण गाव तिथे होतं, विचारा कुणालाही.

भाऊ ओट्यावर होता. तो उठून आत गेला. थोड्या वेळाने पोतं ओढत बाहेर आला आणि काकूंकडे विळा मागितला. सुतळी कापली. ताटं एकेक करून काढायला लागला.

"कसाले सोडस रे ते?" अक्काने विचारलं.

"ताटं कमी पडताहेत," भाऊ म्हणाला. "पोरी जेवायला बसल्यात."

ताटं कमी पडत नव्हती. पत्रावळींचा गठ्ठा कोपऱ्यात होता, त्याने स्वतःच आणलेला. खोटं बोलायचं अंग आमच्या घराण्यात सगळ्यांनाच आहे, फक्त तो जपून वापरतो.

त्यानंतर अक्का तीन आखाज्या त्या घरात राहिली. शेवटच्या आखाजीला ती मला माझ्या आईच्या नावाने हाक मारायची, आणि पोळीतून देऊळ तरीही दिसायचं. मग मात्र ती सुरतेला गेली. भाऊ सांगायचा, ती चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत बसते आणि कणीक हातात दिली की शांत होते.

आता वाचते तर संशोधक म्हणतात, आठवण काही पेटीतला दागिना नव्हे. दर वेळी बाहेर काढली की ती पुन्हा मऊ होते, पुन्हा तिंबली जाते, आणि आधीपेक्षा जरा वेगळी होऊन आत जाते. म्हणजे जे मी आयुष्यभर करत आले त्याला आता शास्त्राचा आधार आहे. देऊळ दिसण्याबाबत मी त्याचा लाभ घेते. तिसऱ्या शब्दाबाबत घेत नाही.

कारण तो कागदावर आहे. प्रबंधातलं अक्काचं पान आधीच टाईप होऊन गेलं होतं, म्हणून मी समासात पेनाने लिहिलं: तिसरा शब्द आठवला. मुदत पाच मिनिटं, लागलेला वेळ नऊ दिवस. सरांनी सगळ्या प्रबंधभर माझी विशेषणं लाल शाईने खोडली होती. ती ओळ त्यांनी दोनदा वाचली आणि पान उलटलं.